विश्वस्त कोण नेमणार?



अमेरिकेतल्या बाप्टिस्ट मंडळ्यांमधल्या पुराणमतवादी आणि उदारमतवादी गटांची भांडणं हा काय आपल्याकडच्या व्याख्यानमालेचा विषय झाला, असं निमंत्रणपत्रिका वाचून काहींना वाटलं असेल. माझं समर्थन असं, की ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते वकीलसाहेब आयुष्यभर विश्वस्त संस्थांचे दावे चालवत आले. संस्थेतलं भांडण घेऊन कोणी गेलं, की तत्त्वांची भाषणं ते मागाहून ऐकत. आधी संस्थेची घटना आणि विश्वस्तांची यादी मागत. आज मी त्यांच्याच वाटेनं जाणार आहे. वाद धर्मशास्त्राचा आहे. पवित्र शास्त्र किती खरं, कोणत्या अर्थानं खरं, आणि ते ठरवायचं कोणी, याचा आहे. पण त्याचा निकाल लागला तो नेमणुकांच्या नियमांमुळे.

शिवाय ही गोष्ट आपल्या दाराशी येऊन गेलेली आहे. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेत सेलम गावी पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली : ॲडोनिराम जडसन, सॅम्युएल नॉट, सॅम्युएल न्यूवेल, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस. पाचही जण काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणारे. दोन वेगवेगळ्या जहाजांतून ते हिंदुस्थानाकडे निघाले. बंगालात विल्यम कॅरे आणि त्याच्या बाप्टिस्ट सहकाऱ्यांशी आपली गाठ पडणार, तेव्हा बाप्तिस्म्याबद्दल आपली बाजू पक्की असावी म्हणून जडसन जहाजावर नवा करार उघडून बसला. वाचता वाचता त्यालाच वाटू लागलं की बाजू समोरच्यांची खरी आहे! कलकत्त्यात पोचल्यावर त्यानं पाण्यात बुडून नव्यानं बाप्तिस्मा घेतला; पुढच्या काही आठवड्यांत राइसनंही घेतला. हॉल आणि नॉट मात्र आपल्या पंथाशी राहिले आणि फेब्रुवारी १८१३मध्ये मुंबईला उतरले. तिथून उभं राहिलं ते अमेरिकन मराठी मिशन, ज्यानं १८४२मध्ये ‘ज्ञानोदय’ काढलं आणि ज्याच्या मंडळीत १८९५मध्ये नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला. जडसन ब्रह्मदेशात गेला. राइस पैसा उभा करायला अमेरिकेत परतला, गावोगाव हिंडला, आणि १८१४मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकन बाप्टिस्टांची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. आज ज्या घराच्या वाटण्या सांगायच्या आहेत त्या घराचा पाया हा.

कॅरेचं आपल्यावरचं ऋण तर वेगळंच. बंगालातल्या श्रीरामपूरहून १८०५मध्ये त्याचं मराठी व्याकरण निघालं, १८१०मध्ये मोडी अक्षरांतला कोश. पंडित वैजनाथ यांच्या मदतीवाचून ते काम झालं नसतं. पण याच श्रीरामपूरच्या मंडळींनी १८२७मध्ये लंडनच्या आपल्याच मातृसंस्थेशी काडीमोड घेतला आणि तो दहा वर्षं टिकला. त्यात धर्मशास्त्राचा मुद्दा जवळपास नव्हता. श्रीरामपूरच्या जागा, इमारती आणि मिळकती कोणाच्या नावावर, विश्वस्त लंडनच्या समितीनं नेमायचे की इथे घाम गाळणाऱ्यांनी, हा प्रश्न होता. हे इथेच नोंदवून पुढे जातो.

बाप्टिस्ट म्हणजे कोण, हे आधी सांगायला हवं. माणसानं कळत्या वयात स्वतः विश्वास धरावा आणि मगच बाप्तिस्मा घ्यावा, तोही पाण्यात पूर्ण बुडून, ही त्यांची मूळ गोष्ट. एवढं मान्य केलं की बाकीचं मागोमाग येतं. विश्वास ज्याचा त्यानं धरायचा, तर राजानं त्यात हात घालू नये, आणि बिशपनंही. म्हणून प्रत्येक गावची मंडळी स्वायत्त. पाळक तीच निवडते, तीच काढते. तिच्या डोक्यावर कोणी नाही. १६०९मध्ये ॲम्स्टरडॅमला आश्रयाला गेलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकानं ही सुरुवात केली. आपल्याला बाप्तिस्मा देण्याच्या योग्यतेचं कोणी न दिसल्यामुळे त्यानं तो स्वतःच स्वतःला दिला. (पुढच्या चारशे वर्षांचा स्वभाव या एका कृतीत दिसतो असं मला नेहमी वाटतं.) त्याचा सहकारी थॉमस हेल्विस इंग्लंडला परतला. राजा हा मर्त्य माणूस आहे, प्रजेच्या अमर आत्म्यांवर त्याची सत्ता नाही, असं त्यानं १६१२च्या सुमारास खुद्द राजाला लिहून कळवलं. तो न्यूगेटच्या तुरुंगात गेला आणि पुन्हा बाहेर आला नाही. पुढे अमेरिकेत धर्म आणि राज्य यांच्यात भिंत असावी, हे जेफरसननं १८०२मध्ये ज्या पत्रात लिहिलं, ते पत्र कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्टांना लिहिलेलं होतं.

म्हणजे बाप्टिस्टांच्या हाती दोन वारसे आले. एक, पवित्र शास्त्र हाच अखेरचा अधिकार. परंपरा नाही, धर्मसभा नाही, पोप नाही. दुसरा, ते शास्त्र वाचून स्वतःच्या विवेकानं समजून घेण्याची प्रत्येकाची मोकळीक. सगळे साधारण एकसारखंच वाचतात तोवर हे दोन्ही सुखानं एकत्र नांदतात. एकोणिसाव्या शतकात डार्विन आला, जर्मनीतून बायबलची ऐतिहासिक चिकित्सा आली, आणि शिकलेले पाळक शास्त्र निराळ्या रीतीनं वाचू लागले. मग निवाडा कोणी करायचा? रोमन कॅथलिकांकडे रोम आहे, अँग्लिकनांकडे बिशप आहेत. इथे निवाडा करणारी खुर्चीच नाही; मुद्दामच ठेवलेली नाही.

पहिला मोठा तडा इंग्लंडमध्ये गेला. लंडनचा चार्ल्स स्पर्जन हा त्या काळचा सर्वांत लोकप्रिय उपदेशक. १८८७मध्ये त्याच्या मासिकात लेख येऊ लागले की काही पाळक प्रायश्चित्ताचा सिद्धान्त सोडत आहेत, नरकाचा सोडत आहेत, शास्त्राची थोरवी सोडत आहेत. नावं मात्र त्यानं घेतली नाहीत. बाप्टिस्ट युनियननं नावं मागितली. त्यानं दिली नाहीत, आणि ऑक्टोबरात राजीनामा देऊन तो बाहेर पडला. पुढच्या वर्षी युनियननं त्याचा जो निषेध केला त्याला दुजोरा देणारी मतं दोन हजार पडली, विरोधात सात. त्यातल्या पुष्कळांनी कशाला मत दिलं, हे त्यांनाही नीटसं ठाऊक नव्हतं असं मानायला जागा आहे. १८९२मध्ये स्पर्जन वारला. आजही अमेरिकेतला प्रत्येक पुराणमतवादी बाप्टिस्ट पाळक त्याचं नाव आजोबांचं घ्यावं तसं घेतो.

दुसरा तडा अमेरिकेच्या उत्तर भागात. ‘फंडामेंटलिस्ट’ हा शब्द आपण आज जगभरच्या कडव्या मंडळींना सरसकट चिकटवतो, पण तो १९२०मध्ये घडवला एका बाप्टिस्ट संपादकानं, कर्टिस ली लॉज यानं, आणि अभिमानानं, स्वतःच्याच गटासाठी. १९२२मध्ये इंडियानापोलिसला उत्तरेकडच्या बाप्टिस्टांचं अधिवेशन भरलं. मिनियापोलिसचे विल्यम बेल रायली यांनी ठराव मांडला की न्यू हॅम्पशायरचा जुना श्रद्धालेख सर्वांनी स्वीकारावा. न्यूयॉर्कच्या कॉर्नेलियस वोल्फकिन यांनी पर्यायी ठराव आणला : नवा करार हाच आपल्या श्रद्धेचा आणि आचरणाचा पुरेसा पाया आहे, दुसऱ्या लेखाची गरज नाही. आता नव्या कराराच्या विरोधात हात कोण वर करणार! १,२६४ विरुद्ध ६३७. संस्थात्मक राजकारणातली इतकी देखणी खेळी मी फारशी वाचलेली नाही. पण देखण्या खेळीनं प्रश्न सुटला नाही. हरलेले हळूहळू बाहेर पडले : काहींनी १९३२मध्ये स्वतःची संघटना काढली, काहींनी १९४७मध्ये. उत्तरेत पुराणमतवादी उठून गेले आणि इमारती, निधी आणि सेमिनऱ्या, म्हणजे पाळक घडवणारी विद्यालयं, उदारमतवाद्यांकडे राहिल्या.

दक्षिणेत उलट घडलं, आणि माझ्या व्याख्यानाचा मुख्य भाग तोच आहे.

सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनचा जन्म मे १८४५मध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टा इथे झाला. जन्माचं कारण कितीही सौम्य शब्दांत सांगितलं तरी एकच निघतं. गुलाम बाळगणाऱ्या माणसाला मिशनरी म्हणून नेमायचं की नाही, यावर राइसनं जमवलेल्या उत्तर-दक्षिणच्या बाप्टिस्टांत फूट पडली आणि दक्षिणेनं वेगळी चूल मांडली. या पापाची जाहीर कबुली आणि माफी यायला १९९५ उजाडलं, म्हणजे दीडशे वर्षं. दरम्यान ही संस्था अमेरिकेतली सर्वांत मोठी प्रोटेस्टंट संघटना झाली. १९२५मध्ये तिनं ‘कोऑपरेटिव्ह प्रोग्रॅम’ सुरू केला : प्रत्येक मंडळीनं आपल्या दानाचा काही हिस्सा राज्य संघटनेकडे पाठवायचा, राज्यानं त्यातला काही पुढे. त्या पैशावर परदेशातलं मिशन, देशातलं मिशन आणि सहा सेमिनऱ्या चालू लागल्या.

हिची रचना नीट पाहू. कन्व्हेन्शन ही वर्षभर चालणारी संस्था नाही. उन्हाळ्यातल्या अधिवेशनाच्या थोड्या दिवसांपुरतीच ती अस्तित्वात येते. मंडळ्या तिथे आपले ‘मेसेंजर’ पाठवतात. मेसेंजर हा प्रतिनिधी नव्हे. तो आपल्या विवेकानं मत देतो आणि त्याचं मत त्याच्या मंडळीलाही बांधत नाही. एरवी वर्षभर सगळा कारभार वेगवेगळ्या विश्वस्त मंडळांकडे. अध्यक्षाचं पद मानाचं. मुदत एक वर्ष, रिवाजानं दोन. पण त्याच्या हातात एक अधिकार होता. तो एक समिती नेमे. ती समिती दुसऱ्या समितीची नावं सुचवे. दुसरी समिती सगळ्या विश्वस्त मंडळांच्या रिकाम्या जागांसाठी नावं सुचवे, आणि अधिवेशन ती नावं एका झटक्यात मंजूर करून जेवायला जाई. आपल्याकडे सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला हे फोडून सांगायला नको : मालक सगळे सभासद, पण पॅनेल कोणी बांधलं ते विचारा. फरक इतकाच की कित्येक दशकं दक्षिणेत हा मार्ग असा वापरता येईल, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

कुरबूर जुनीच होती. १९६१मध्ये कॅन्सस सिटीच्या सेमिनरीतले प्राध्यापक राल्फ इलियट यांचं उत्पत्तीच्या पुस्तकावरचं विवेचन कन्व्हेन्शनच्याच प्रकाशनगृहानं छापलं. त्यांनी सुरुवातीच्या अध्यायांकडे इतिहासापेक्षा धर्मसत्य सांगणाऱ्या कथा म्हणून पाहिलं होतं. गहजब झाला. पुढच्या वर्षी त्यांना काढलं, आणि काढण्याचं कारणही पाहण्यासारखं : पुस्तक पुन्हा छापणार नाही, असं वचन द्यायला त्यांनी नकार दिला. पाखंडाचा आरोप ठेवायचा तर पाखंड म्हणजे काय ते ठरवावं लागलं असतं. शिस्तभंगाला तेवढी खटपट नको. १९७०मध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात उत्पत्तीवरचंच आणखी एक भाष्य परत घ्यायला लावलं. दर वेळी तळच्या सभासदांचा राग उसळे, अधिकारी एखादं पुस्तक मागे घेत, आणि गाडा पूर्ववत चालू लागे.

हे चक्र थांबवायचं दोघांनी मनावर घेतलं : ह्यूस्टनचे न्यायाधीश पॉल प्रेसलर आणि तरुण धर्मशास्त्री पेज पॅटरसन. १९६७मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या कॅफे द्यु माँदमध्ये कॉफी घेताना दोघांची पहिली सल्लामसलत झाली, ही हकीकत दोन्ही बाजू सांगतात. एक कौतुकानं, दुसरी दात खाऊन. प्रेसलर कायद्याचे माणूस, त्यांनी घटना वाचली. दहा वर्षं ओळीनं आपल्या विचाराचा अध्यक्ष निवडून आणायचा. विश्वस्तांच्या मुदती संपत जातील तशा जागा भरत जायच्या. दहा वर्षांनी एकही मंडळ दुसऱ्यांच्या हाती राहणार नाही. १९८०मध्ये व्हर्जिनियात बोलताना त्यांनी हे लपवलंही नाही : आजवर आपण एकेका पुस्तकावर, एकेका प्राध्यापकावर लढलो, खरी नस विश्वस्तांची आहे.

जून १९७९, ह्यूस्टन. मेम्फिसचे पाळक एड्रियन रॉजर्स पहिल्याच फेरीत निवडून आले, निम्म्याहून थोड्या अधिक मतांनी. ‘पवित्र शास्त्र निर्दोष आहे’ ही घोषणा. तिथून पुढे दर वर्षी पुराणमतवादी उमेदवारच जिंकत गेला. दुसऱ्या बाजूला कोण होते? वर्तमानपत्रं त्यांना उदारमतवादी म्हणत, पण उत्तरेकडच्या हिशेबानं त्यांच्यातले बहुतेक चांगले सनातनी ठरले असते. येशूचं पुनरुत्थान त्यांना मान्य, चमत्कार मान्य. मी त्यांना मवाळ म्हणेन. त्यांचं म्हणणं, निर्दोषतेच्या व्याख्येवर कोणाची परीक्षा घेऊ नका. मिशनच्या कामासाठी एकत्र आलो आहोत, तेवढं पुरे.

१९८५मध्ये डॅलसला टोक गाठलं. ४५,५१९ मेसेंजर. इतकी माणसं या संस्थेच्या अधिवेशनाला ना आधी जमली ना नंतर. अटलांटाचे चार्ल्स स्टॅनली पुन्हा निवडून आले. मवाळांनी त्या दुसऱ्या समितीसाठी सभागृहातून पर्यायी नावं मांडायचा प्रयत्न केला. अध्यक्षांनी तो नियमबाह्य ठरवला. अलाबामातले काही सभासद न्यायालयात गेले : आमच्याच संस्थेचे नियम मोडले गेले, दाद द्या. १९८७मध्ये अपिलाच्या न्यायालयानं सांगितलं की धार्मिक संस्थेच्या अंतर्गत कारभारात आम्हाला राज्यघटनेनं हात घालता येत नाही. डॅनबरीच्या बाप्टिस्टांनी ज्या भिंतीसाठी आग्रह धरला होता, ती त्यांच्या पणतवंडांच्या आड आली! वकीलसाहेबांना हा दाखला फार आवडला असता, असं मला वाटतं.

मवाळ का हरले, याबद्दल माझं मत स्पष्ट सांगतो. त्यांच्या बाजूची पुस्तकं वाचली की असं वाटतं, कोणी दरोडा घातला. दरोडा नव्हता. नियमांप्रमाणे, उघड्यावर, मतं मोजून सगळं झालं. मवाळ मंडळी तीस-चाळीस वर्षं ही संस्था एखाद्या जिमखान्यासारखी चालवत होती. पदं ओळखीतून जात, चांगल्या घरच्या, चांगल्या सेमिनरीच्या माणसांना. गावातल्या पाळकाच्या मनात काय खदखदतं आहे हे विचारायची त्यांना गरज वाटली नाही. आणि प्रश्न आला तेव्हा ते ‘स्वातंत्र्य, स्वातंत्र्य’ एवढंच म्हणत राहिले. बाकावर बसलेली म्हातारी विचारत होती, आदाम खरा होता का? तिला उत्तर मिळालं नाही. आपली परंपरा कशी मोकळी आहे यावर व्याख्यान मिळालं. पुराणमतवाद्यांनी तिला ‘होय’ म्हणून सांगितलं.

पण जिंकलेल्यांनी जे केलं तेही दरबारी शिष्टाचाराचं नव्हतं. १९८४मध्ये ठराव झाला की स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा नको, आणि कारणात हव्वेचा उल्लेख झाला : निर्मितीत पुरुष पहिला, पतनात स्त्री पहिली. वीस वर्षांपूर्वी, १९६४मध्ये, डरॅमच्या एका मंडळीनं ॲडी डेव्हिस यांना दीक्षा दिली होती, ती या कन्व्हेन्शनमधली पहिली. १९८८मध्ये सॅन अँटोनियोला आणखी एक ठराव आला : सर्व विश्वासणारे याजक आहेत, हे तत्त्व पाळकाचा अधिकार कमी करायला वापरू नये. तो मंजूर झाला तेव्हा शेकडो मवाळ सभागृहातून चालत अलामोच्या किल्ल्यापर्यंत गेले आणि तिथे त्यांनी ठरावाचे कागद टराटरा फाडले. अलामो ही टेक्सासमधली पराभवाची जागा आहे, हे त्यांच्या लक्षात असेलच. १९९०मध्ये संस्थेच्या वृत्तसेवेच्या दोन संपादकांना काढताना बैठकीच्या दाराशी सशस्त्र पहारा होता. मार्च १९९४मध्ये फोर्ट वर्थच्या सेमिनरीचे प्रमुख रसेल डिल्डे यांना विश्वस्तांनी काढलं, आणि ते कार्यालयाकडे परतले तोवर कुलूप बदललेलं होतं. लुइव्हिलच्या सेमिनरीत १९९३मध्ये अल्बर्ट मोलर प्रमुख झाले, वय ३३. काही वर्षांत तिथला बहुतेक अध्यापकवर्ग बदलला.

टेक्सासच्या बेलर विद्यापीठानं मात्र वेळीच पावलं ओळखली. सप्टेंबर १९९०मध्ये त्यांच्या मंडळानं आपली सनदच दुरुस्त केली, बहुसंख्य विश्वस्त स्वतः नेमण्याचा अधिकार घेतला, आणि विद्यापीठ वाचलं. म्हणजे मवाळांनाही शेवटी घटना वाचायला शिकावं लागलं.

मवाळांची वाटणी सावकाश झाली. १९८७मध्ये एक छोटा, खरोखर उदार गट वेगळा झाला, तो ‘अलायन्स ऑफ बाप्टिस्ट्स’. १९९१मध्ये अटलांटात ‘कोऑपरेटिव्ह बाप्टिस्ट फेलोशिप’ स्थापन झाली. पण ती स्वतःला पंथ म्हणवून घ्यायलाही बराच काळ बिचकली. अनेक मंडळ्या दोन्हीकडे राहिल्या. दानाच्या पाकिटावर सभासदानं खूण करायची, पैसे कुठे जावेत. एका घरात नवऱ्याचे पैसे नॅशव्हिलला, कन्व्हेन्शनकडे, आणि बायकोचे अटलांटाला, फेलोशिपकडे, हे अशक्य नव्हतं. व्हर्जिनिया आणि टेक्सास ही दोन राज्यं मवाळांकडे राहिली, तेव्हा तिथल्या पुराणमतवाद्यांनी १९९६ आणि १९९८मध्ये स्वतःच्या राज्य संघटना काढल्या. हरलेल्यानं उठून जायचं, ही उत्तरेची रीत इथेही आली.

मग कागद बदलले. कन्व्हेन्शनच्या १९६३च्या श्रद्धालेखात एक वाक्य होतं : शास्त्राचा अर्थ लावताना कसोटी येशू ख्रिस्त. २०००च्या आवृत्तीतून ते गेलं. पुराणमतवाद्यांचा आक्षेप असा, की ‘येशू असं म्हणाला नसता’ म्हणत मवाळ मंडळी पौलाची पत्रं बाजूला सारतात. मवाळांना वाटलं, ख्रिस्तालाच दारातून बाहेर काढलं. पत्नीनं पतीच्या अधीन राहावं हे कलम १९९८मध्येच आलं होतं; आता पाळकपद पुरुषांपुरतं झालं. २०००मध्येच माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी कन्व्हेन्शनशी संबंध तोडल्याचं जाहीर केलं; आपल्या प्लेन्स गावच्या मंडळीत रविवारची शाळा मात्र ते अगदी म्हातारपणापर्यंत घेत राहिले. परदेशातल्या मिशनऱ्यांना नव्या लेखाला संमती लिहून द्यायला सांगितलं. पुष्कळांनी राजीनामे दिले, काहींना २००३मध्ये काढलं. श्रद्धालेखावर सही म्हणजे पंथाची बेडी, असं बाप्टिस्ट पूर्वी दुसऱ्यांना सुनावत. २००४मध्ये कन्व्हेन्शन बाप्टिस्टांच्या जागतिक संघातूनही बाहेर पडलं.

आता वाटेल, जिंकलेले एका बाजूला आणि हरलेले दुसऱ्या बाजूला, विषय संपला. तसं झालं नाही, सीमा सरकत राहिली.

मवाळांच्या टेक्सास संघटनेनंच २०१६मध्ये समलिंगी जोडप्यांना पूर्ण सामावून घेणाऱ्या मंडळ्यांशी, त्यांत डॅलसची विल्शायर मंडळीही आली, नातं तोडलं. फेलोशिपनं २०१८मध्ये समलिंगी व्यक्तींच्या नोकरभरतीवरची सरसकट बंदी उठवली, पण वरिष्ठ पदं आणि मिशनरी यांच्याबाबतीत ती कायम ठेवली. दोन्ही बाजू नाराज. स्वातंत्र्याच्या नावानं उभ्या राहिलेल्यांनाही कुठेतरी रेघ ओढावी लागली, आणि ती ओढताना त्यांनी समित्याच नेमल्या.

इकडे पुराणमतवाद्यांच्या घरात तर जास्तच. पेज पॅटरसन पुढे त्याच फोर्ट वर्थच्या सेमिनरीचे प्रमुख झाले होते. विद्यार्थिनींच्या बलात्काराच्या तक्रारी त्यांनी कशा हाताळल्या हे बाहेर आल्यावर २०१८मध्ये विश्वस्तांनीच त्यांना काढलं. ज्या विश्वस्तांसाठी त्यांनी आयुष्य घातलं, त्याच परंपरेतले हे विश्वस्त. २०१९मध्ये टेक्सासमधल्या दोन वर्तमानपत्रांनी वीस वर्षांतल्या लैंगिक अत्याचारांची मालिका छापली, सातशेच्या वर पीडित. अशा पाळकांची यादी ठेवा, ही मागणी पीडित स्त्रिया वर्षानुवर्षं करत होत्या. उत्तर ठरलेलं : प्रत्येक मंडळी स्वायत्त आहे, वरून आम्ही काही करू शकत नाही. २०२२च्या चौकशी अहवालातून कळलं की मुख्यालयात तशी यादी गुपचूप ठेवलेलीच होती, सातशेहून अधिक नावांची. आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातली सॅडलबॅक मंडळी, कन्व्हेन्शनमधल्या सर्वांत मोठ्या मंडळ्यांपैकी एक, स्त्री पाळक नेमल्याबद्दल बाहेर काढली गेली. स्वायत्तता तिथे आठवली नाही. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त चीड येते ती इथे. शास्त्र निर्दोष आहे असं कोणी मनापासून मानत असेल, तर त्याचा मी आदर करतो. पण एकच तत्त्व मुलीच्या तक्रारीसमोर भिंत म्हणून आणि स्त्रीच्या प्रवचनासमोर पडदा म्हणून वापरायचं, याला धर्मशास्त्र म्हणायला माझी जीभ वळत नाही.

स्त्री पाळक नेमणाऱ्या कोणत्याही मंडळीला बाहेर ठेवणारी घटनादुरुस्ती २०२४मध्ये इंडियानापोलिसला मतास आली. सुमारे ६१ टक्के मतं पडली. दोन तृतीयांश हवी होती, म्हणून ती पडली. १९२२चंच गाव. सभासदसंख्या २००६मध्ये एक कोटी ६३ लाख होती, २०२४मध्ये ती एक कोटी २७ लाखांवर आली. उदारमतवादी मंडळ्या ओस पडतात, शास्त्राला धरून राहणाऱ्या वाढतात, असं १९७९मध्ये ठासून सांगितलं जात होतं. त्याचं पुढे काय झालं, हे हल्ली कोणी फारसं बोलत नाही.

एक गोष्ट राहून जाऊ नये. मी आतापर्यंत सांगितलेलं भांडण हे मुख्यतः गोऱ्यांचं. काळ्या बाप्टिस्टांची स्वतंत्र परिषद १८९५पासूनची, आणि तिच्यातली फूट वेगळ्या रेघेवर पडली. १९६०–६१मध्ये अध्यक्ष जोसेफ जॅक्सन यांना मार्टिन ल्यूथर किंग यांची चळवळ पसंत नव्हती. किंग यांच्या बाजूनं गार्डनर टेलर उभे राहिले. १९६१मध्ये कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात व्यासपीठावर झटापट झाली, एक पाळक खाली पडले आणि दगावले. त्यातून प्रोग्रेसिव्ह नॅशनल बाप्टिस्ट कन्व्हेन्शन निघालं. शास्त्राच्या निर्दोषतेवर त्यांच्यात फारसं दुमत नव्हतं. अध्यक्षांची मुदत किती, आणि रस्त्यावर उतरायचं की नाही, हे प्रश्न होते. म्हणून ‘पुराणमतवादी’ आणि ‘उदारमतवादी’ हे शब्द बाप्टिस्टांना लावताना कोणत्या रंगाच्या, कोणत्या गावच्या मंडळीबद्दल बोलतो आहोत, हे आधी विचारावं लागतं.

शेवटी नागपूर. डेन्व्हरला ते भाष्य मागे घेतलं गेलं, त्याच वर्षी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. अमेरिकन मराठी मिशनच्या वंशातल्या मंडळ्या त्यात आल्या आणि कॅरेच्या वंशातले उत्तर भारतातले बाप्टिस्टही आले. हॉल आणि कॅरे यांचे वारस दीडशेहून अधिक वर्षांनी एका छपराखाली. बाप्तिस्म्याचा वाद त्यांनी असा मिटवला : तान्ह्याचा हवा तर तान्ह्याचा, मोठेपणी हवा तर मोठेपणी, दोन्ही ग्राह्य. त्यासाठी बाप्टिस्टांना एक किंमत द्यावी लागली, त्यांना बिशप स्वीकारावा लागला. ईशान्येतल्या बाप्टिस्टांनी, नागालँड धरून, ती दिली नाही आणि ते बाहेर राहिले.

या ऐक्यातही वकीलसाहेबांच्या कामाचा भाग शिल्लक होताच. त्या सहांपैकी ब्रेदरन ही एक परंपरा. गुजरातमधल्या त्यांच्या मंडळीतले काही जण विलीनीकरण मान्य न करता न्यायालयात गेले, आणि प्रकरण चार दशकं चाललं. सप्टेंबर २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. सभेनं विलीनीकरणाचा ठराव केला, एवढ्यानं मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेला न्यास विसर्जित होत नाही आणि त्याची मिळकत नव्या चर्चकडे जात नाही. अलाबामाच्या सभासदांना जी दारं बंद मिळाली, ती इथे उघडी होती, कारण आपल्याकडे न्यासाच्या जमिनीची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरात असते. ती जमीन कोणाच्या नावावर आहे, हे आजही अनेक मंडळ्यांना सातबारा काढल्यावरच कळतं.